'ब्रेक ऑइल' की 'ब्रेक फ्लुइड'?

प्रश्न: क्लासिक गाड्यांच्या देखभालीवर मराठीत टिपण लिहितोय. सगळे ब्रेक ऑइलच म्हणतात, मग फ्लुइड मुद्दाम लिहायची गरज आहे का? आणि फ्लुइडला मराठीत 'द्रायू' चालेल का?

– बोलताना ऑइल म्हणा खुशाल, पण लिहिताना फ्लुइडच लिहा. डॉट ३, डॉट ४, डॉट ५.१ (डॉट म्हणजे ब्रेक फ्लुइडची ठरवून दिलेली प्रतवारी) हे ग्लायकॉल ईथरवाले, त्यात खनिज तेल नसतंच, आणि मास्टर सिलिंडरमधली (पेडल दाबलं की फ्लुइडवर दाब आणणारा भाग) रबरं त्याच हिशोबाने केलेली असतात. कुणी नुसतं 'ऑइल' वाचून डबीत इंजिन ऑइल ओतलं की रबर फुगतं, मऊ पडतं, पिस्टन मागे येत नाही, ब्रेक धरून बसतात, आणि मग नुसतं धुऊन भागत नाही, तेल लागलेलं सगळं रबर बदलावं लागतं.

अपवाद सिट्रोएन डीएस ही जुनी फ्रेंच गाडी. नंतरच्या डीएसमध्ये हिरवं एलएचएम, ते खरोखरच खनिज तेल, तिथे ऑइल म्हणणं अगदी बरोबर, पण सुरुवातीच्या डीएसमध्ये लाल एलएचएस, ते खनिज तेल नव्हे, वेगळंच फ्लुइड, आणि एकाचं दुसऱ्यात घातलं तर सील गेले. म्हणून मॉडेलच्या नावावर जाऊ नका, त्या गाडीच्या सिस्टीमला काय लागतं ते बघा.

द्रायू नको. त्यात द्रव आणि वायू दोन्ही आले, आणि ब्रेकच्या लाइनमध्ये वायू तर अजिबात नको असतो! द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो, वाफ झाली की तीच दाबली जाते आणि पेडल तळाला जातं.

– मग डॉट ५.१ म्हणजे डॉट ५ चीच सुधारित आवृत्ती ना?

– नाही, आणि हे टिपणात ठळक लिहाच. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, जांभळ्या रंगाचं, ५.१ ग्लायकॉलचं, दोन्ही एकमेकांत मिसळायचे नाहीत. सिलिकॉन सांडलं तरी गाडीचा रंग उडत नाही, ग्लायकॉल मात्र रंग खातं, म्हणून जुन्या गाड्या जपणाऱ्यांना सिलिकॉनचा मोह पडतो. पण ते पाणी शोषत नाही म्हणजे आत पाणी शिरतच नाही असं नव्हे, शिरलेलं पाणी खालच्या भागात वेगळं साचतं आणि नेमका तिथेच गंज धरतो. शिवाय त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून राहतात, ब्लीड करताना, म्हणजे लाइनमधली हवा काढताना, घाई केली तर पेडल स्पंजसारखं लागतं. मला विचाराल तर नियमित चालणाऱ्या गाडीला, तिच्या रबरांना चालत असेल तर, डॉट ४ घाला आणि दर दोनेक वर्षांनी बदला.

– बाटलीवरच्या 'ड्राय' आणि 'वेट' ला काय लिहू?

– कोरडा आणि ओला उत्कलनबिंदू. डॉट ४ चा कोरडा किमान २३० अंश सेल्सिअस, ओला १५५. ओला म्हणजे पाणी शोषून झाल्यावरचा, एवढं एक वाक्य सोबत द्या, नाहीतर वाचणारा २३० वरच खूश होऊन वर्षानुवर्षं फ्लुइड बदलणारच नाही. आणि डॉट ५ येईल तिथे दरवेळी 'सिलिकॉन डॉट ५' असंच लिहा.