परसातलं काटेरी खोडाचं झाड कुठलं?

साळगावचा:
यंदा साळगावात जुनं घर घेतलं. विहिरीमागं एक उंच झाड आहे. मे महिन्यात त्यावर एकही पान नव्हतं. वठलंय असं वाटून कापायला माणूसही ठरवला होता, पण पाऊस पडला आणि ते फुटलं. खोडभर जाड काटे, तळाशी रुंद, टोकाला अणकुचीदार. आता फांद्यांच्या शेंड्यांना हिरव्या दाण्यांचे घोस लागलेत, मिरीहून थोडे मोठे. कुठलं झाड असेल? घरात लहान मुलं आहेत, म्हणून काळजी.

डिचोलीकर:
खोडाला काटे म्हणजे काटेसावर. आमच्या डोंगरावर खूप आहेत.

कुळागरातली:
सावर नव्हे हो. सावरीची पानं हाताच्या पंजासारखी, एका देठाच्या टोकाला पाच-सात. फळ म्हणजे कापसाचं बोंड. पांगाराही काटेरी, पण तीन-तीन पानं आणि शेंगा. असणाला बारीक फळं धरतात, कोवळ्या खोडाला काटेही असतात, मात्र पान साधं, एकेकटं.
तुमची पानं एका दांड्याच्या दोन्ही बाजूंना ओळीनं आहेत का? एक चुरगळून हुंगा आणि सांगा. फळ मात्र चाखू नका. आपल्याकडे काजराही परसात उगवतो, नारिंगी फळं दिसायला सुरेख आणि बियांत जहर. ओळख पटेपर्यंत मुलांना झाडाखाली सोडू नका.

साळगावचा:
हो, दोन्ही बाजूंना ओळीनं. चुरगळल्यावर लिंबाच्या सालीसारखा वास आला, हात धुतला तरी जात नाही!

कुळागरातली:
मग तिरफळच! माशांच्या कालवणात घालतात तो मसाला, आम्ही तेफळां म्हणतो. लिंबू-संत्र्याच्याच कुळातलं झाड, म्हणून तो वास. उन्हाळ्यात ते पानं गाळतंच. कृपा करून कापू नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात वाळल्या तिरफळांचा भाव विचारलात तर कोयता स्वतःच लपवून ठेवाल.
काट्यांची भीती असेल तर मुलांचा हात पोचेल तेवढ्या उंचीपर्यंतचे कोयत्याच्या पाठीनं ठोकून पाडा. ते सालीवरचे असतात, लाकडात रुतलेले नसतात. घोस काढायला वर चढू नका, आकडी लावा.
दाणे पिकले की लाल होतात, उकलतात आणि आतून काळी चकचकीत बी दिसते. उन्हात वाळवा, बी झटकून टाका. ती दाताखाली कचकचते, चव सगळी सालीत.

डिचोलीकर:
हिरवी वापरली तर चालतात?

कुळागरातली:
चालतात तर! गणेशचवथीच्या खतखत्यात, म्हणजे मिसळीच्या भाजीत, ताजी हिरवीच हवीत. बांगड्याच्या नाहीतर तारल्यांच्या हुमणाला, म्हणजे नारळाच्या वाटणातल्या माशाच्या कालवणाला, वाळलेली. वाटणात वाटू नका, नुसती चेचून रस उकळताना सोडा. चार माणसांच्या हुमणाला सात-आठ पुरेत, जास्त झाली तर जीभ बधिर होते.