मिस्सात, म्हणजे आपल्या कॅथलिक उपासनेत, ऐकलेलं बायबलचं एखादं वाचन थेट काळजात गेलंय का? तुमचे अनुभव लिहा

मागच्या नोव्हेंबरात आई गेली. अंत्यविधीच्या मिस्सात पहिलं वाचन मी करायचं असं घरात ठरलं, फादरांनी फोनवर सांगितलं, ज्ञानग्रंथ, अध्याय 3. रात्री दीडला सगळे झोपल्यावर कपाटातलं बायबल काढलं, शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेलं, आणि पुढून मागे, मागून पुढे चाळलं तरी ते पुस्तकच सापडेना! मला वाटलं रडून रडून डोकं चालेनासं झालंय. मग एका सिस्टरांना मेसेज टाकला, त्या जाग्या होत्या, त्यांनी पानाचा फोटो पाठवला आणि लिहिलं, अगं ते प्रोटेस्टंट बायबल आहे, त्यात 66 पुस्तकं, आपल्यात 73. तोबीत, बारूख, मक्काबी, ज्ञानग्रंथ, ही सगळी आपल्याकडे आहेत, त्यांच्याकडे नाहीत. इतकी वर्षं रविवार न चुकवता मिस्साला जाते आणि मला हे माहीत नव्हतं.

सकाळी वाचायला उभी राहिले. नीतिमान माणसांचे आत्मे देवाच्या हातात आहेत, अशी सुरुवात आहे. ‘हातात’ या शब्दावर मी थांबले. आईने पन्नास वर्षं पहाटे मोगरा खुडला, दादरला जाणारी टोपली भरायची म्हणून, आणि तिचे हात मला समोर दिसत होते. पूर्ण चर्च थांबलं माझ्यासाठी. मग वाचलं शेवटपर्यंत.

तेव्हापासून मनात आहे की असं इतरांचंही झालं असेल. वाचन असो, एखादा संस्कार असो, कुमसार (फादरांपुढे पापांची कबुली) असो, जिथे ऐकलेला शब्द अचानक आपल्यालाच उद्देशून आहे असं वाटलं, ते लिहा. मोठं लिहायला पाहिजे असं नाही, दोन ओळी पण चालतील.

कादोडी बोलणारा
ताई, वाचून गलबलून आलं. माझं पहिलं वाचन पेंटेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, रविवारी, मी आठवीत. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2. ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे तिथे काय वाढून ठेवलंय, पार्थी, मेदी, एलामी, मग मेसोपटेम्या, कप्पदुकिया, फ्रुगिया, पंफुलिया! आठवडाभर वाडीत केळीच्या रोपांना पाणी लावताना मी हेच घोकत होतो. एकही नाव चुकलं नाही आणि मी छाती फुगवून घरी आलो तर आजी ओटीवर बसलेली, ती म्हणाली, छान वाचलंस रे, पण एवढी सगळी माणसं जमली होती कशाला ते काय मला कळलं नाही, ते आपल्या भाषेत सांग.

मग मी कादोडीत, आमच्या वसईकडच्या घरच्या बोलीत, सांगायला लागलो, की सगळे वेगवेगळ्या देशांतले लोक होते आणि शिष्य बोलले ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं, आणि हे सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की मी आत्ता तेच करतोय. चर्चमध्ये नावं बरोबर वाचली पण वाचन पूर्ण झालं ते ओटीवर. आज मी आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत) वाचकांना शिकवतो आणि प्रत्येक नवीन मुलाला आधी म्हणतो, जे वाचणार आहेस ते घरी म्हाताऱ्या माणसाला घरच्या भाषेत सांगून ये, मग माईकपाशी ये.

जुना वेदीसेवक
माझं वय 74. मी लहान असताना मिस्सा लॅटिनमध्ये. फादरांची पाठ आमच्याकडे, ‘दोमिनुस वोबिस्कुम’ म्हटलं की आम्ही पोरं ‘एत कुम स्पिरितू तुओ’ म्हणायचो, अर्थ कोणाला ठाऊक. बायका मागे बसून रोजरी (जपमाळ) म्हणत असायच्या, घंटा वाजली की मान वर. भक्ती खोटी होती असं कुणी म्हणू नये, माझ्या आईसारखी भक्ती मी नंतर पाहिली नाही. पण देव काय बोलला ते तिला दुसऱ्या कोणीतरी सांगावं लागायचं.

व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1963 च्या डिसेंबरात उपासनेचा दस्तऐवज मंजूर केला, त्यानंतर काही वर्षांत आमच्याकडे मराठी आली आणि वेदी आमच्याकडे वळली. तेच ‘दोमिनुस वोबिस्कुम’ पहिल्यांदा मराठीत, ‘प्रभू तुम्हांबरोबर असो’ असं ऐकलं तेव्हा आई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, आज आपल्याला बोलावलं. मी हे नातवंडांना शंभर वेळा सांगितलं असेल.

आणि मराठी चर्चमध्ये अचानक आली असं समजू नका. मूळच्या इंग्लंडच्या, 1579 ला गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी ख्रिस्ताची कथा ओवीत रचली, 1616 ला गोव्यातल्या रायतूरला ते ख्रिस्तपुराण छापलं गेलं. मिस्साची भाषा लॅटिन असतानाही लोकांना कळेल असं सांगायची तळमळ कुणालातरी होती, याचं मला आजही भरून येतं.

वॉर्डातली सिस्टर (नर्स आहे, नन नाही)
मी मूळची श्रीरामपूरकडची, लहानपणी हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला आजोबांच्या खांद्यावरून गेलेली. मुंबईत आता बावीस वर्षं नर्स. कळकळीने एकच सांगायचंय, आजाऱ्यांचा तैलाभ्यंग, म्हणजे फादर पेशंटला पवित्र तेल लावतात तो विधी, हा शेवटचा संस्कार नाही!! रोज बघते, घरचे लोक फादरांना बोलवायला घाबरतात, पेशंट समजेल की आता संपलं, आणि बोलावतात तेव्हा माणूस बेशुद्ध असतो, त्याला काही ऐकू जात नाही.

माझ्या वडिलांचं तसंच. बायपासच्या आदल्या दिवशी मी फादरांचं नाव काढलं तर रागावले, मला मारायला निघालीस का म्हणाले. मी काही न बोलता याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय काढून त्यांच्या हातात दिला, चष्मा दिला. तुमच्यात कोणी दुखणाईत आहे का, त्याने मंडळीच्या वडीलमंडळींना बोलवावं, अशा अर्थाचं आहे तिथे. दोनदा वाचलं आणि म्हणाले, इथे मरणाचं काही लिहिलेलं नाही. मी म्हटलं तेच तर सांगतेय बाबा. संध्याकाळी फादर आले, कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं, पवित्र सप्ताहाच्या वेळी बिशप सगळ्या पॅरिशसाठी आशीर्वादित करतात तेच तेल. त्या रात्री बाबा गोळीशिवाय झोपले. नंतर सहा वर्षं जगले आणि दुसऱ्या ऑपरेशनच्या वेळी फादरांना त्यांनी स्वतःच फोन केला.

नाव नको
अकरा वर्षं कुमसार केला नव्हता. कारण इथे लिहीत नाही. उपवासकाळात, ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, सहज मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो, उधळ्या पुत्राचं शुभवर्तमान (घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट) होतं, लूक 15, लहानपणापासून शंभरदा ऐकलेलं. कुमसाराला रांग होती, माझे पाय आपोआप तिकडे गेले. सगळं सांगून झाल्यावर फादर बराच वेळ गप्प होते, मग त्यांनी एवढंच विचारलं, आज ऐकलंस त्यात धावलं कोण? मी म्हटलं मुलगा. ते म्हणाले घरी जाऊन परत वाच, हेच तुझं प्रायश्चित्त.

मुलगा चालत येतो. धावतो तो बाप. मुलगा अजून दूर असतानाच.

मी पुस्तक मिटून वडिलांना फोन लावला, त्यांच्याशी पण तितकीच वर्षं बोललो नव्हतो.

पनवेलची सून
मी कॅथलिक नाही, नवरा आहे, म्हणून मिस्साला जाते. एक विचारायचं होतं, शुभवर्तमानाच्या आधी सगळे उभे राहून कपाळावर, ओठांवर आणि छातीवर अंगठ्याने खूण करतात ते काय असतं? मी नुसती उभी राहते, चुकीचं वाटेल का कोणाला?

कादोडी बोलणारा
अजिबात नाही वाटत वहिनी. ते तीन छोटे क्रूस, शब्द डोक्यात राहो, तोंडी राहो, हृदयात राहो म्हणून. शुभवर्तमान म्हणजे प्रभू स्वतः बोलतो असं आपण मानतो म्हणून उभं राहायचं. आणि वाचायला सोपी मराठी हवी असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल बघा.

पनवेलची सून
धन्यवाद दादा. मुलीच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मोठ्या पास्का (ईस्टरच्या) मेणबत्तीवरून छोटी मेणबत्ती पेटवून दिली ना, ती माझ्या आईने घरी नेऊन देव्हाऱ्याजवळ जपून ठेवलीय. कुणी सांगितलं नव्हतं तिला. मुलीच्या वाढदिवसाला ती काढून पुसून ठेवते.

आगाशीकडचा
2020 चा पास्का कोण विसरेल. चर्चला कुलूप, आम्ही पाच जण हॉलमध्ये, मोबाईलवर मिस्सा आणि रेंज सारखी जात होती. पास्का जागरणाला, ईस्टरच्या आदल्या रात्री, जुन्या करारातली सात वाचनं असतात, वेळेअभावी कमी करतात पण निर्गम 14, समुद्र दुभंगतो ते, कधीच गाळत नाहीत. नेमकं तिथेच नेट गेलं. पप्पांनी मोबाईल बाजूला ठेवला, इमर्जन्सी लाईट घेतला आणि बायबल काढून स्वतः वाचायला लागले. पप्पा सातवी शिकलेले, बोट ठेवून वाचतात. समोर पाणी, मागे फौज, भिऊ नका, उभे राहा. बाहेर रस्त्यावर माणूस नाही, काकांना त्याच दिवशी ॲडमिट केलेलं. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) मिळाला नाही याचं दुःख होतंच, ते कशानेच भरून निघत नाही हे पण मला त्याच वर्षी कळलं. पण आता दरवर्षी चर्चमध्ये ते वाचन सुरू झालं की मला पप्पांचाच आवाज ऐकू येतो, अडखळणारा. काका घरी आले नाहीत.

कुवेतहून
सगळ्यांचे अनुभव ड्युटीवर वाचतोय. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून रविवारची वाचनं आम्ही शुक्रवारीच ऐकतो. मी वाचक आहे पण इंग्लिशमधून वाचावं लागतं. माझी सवय अशी की गुरुवारी रात्री आईला फोन करून तेच वाचन आधी तिला मराठीत वाचून दाखवायचं, ती चुका काढते, इथे थांब, इथे घाई करू नकोस. या वेळी यशया 55 आहे, पाऊस आकाशातून पडतो आणि जमीन भिजवल्याशिवाय परत जात नाही, तसा माझा शब्द. आठ महिने झाले पाऊस बघितला नाही. काल वाचून झाल्यावर मी विचारलं बरोबर झालं का, तर आई काहीच बोलेना, मला वाटलं फोन कट झाला. मग तिने फोन खिडकीबाहेर धरला, कौलांवर पडत होता.