प्रतिसाद: पीडीएफमधली तुटकी जोडाक्षरे

मराठी मजकूर पीडीएफमध्ये तुटतो, म्हणून यंत्राची माहितीपुस्तिका डॉकबुकमध्ये (तांत्रिक पुस्तिका लिहिण्याच्या एक्सएमएल स्वरूपात, म्हणजे मजकुराच्या भागांना खुणा घालून) लिहू नये, असे या चर्चेत आधी एकाने सुचवले आहे. तक्रार खरी आहे, पण दोष डॉकबुकचा नाही. एक्सएमएल फाइलमध्ये मजकूर युनिकोडमध्ये शाबूत असतो आणि त्याच फाइलचे एचटीएमएल ब्राउझरमध्ये व्यवस्थित दिसते. गडबड होते ती त्या फाइलपासून पीडीएफ बनवणाऱ्या अपाची एफओपी या प्रोग्रामपाशी. २०१२ मध्ये आलेल्या १.१ आवृत्तीपूर्वी त्यात देवनागरी अक्षरे जोडून योग्य क्रमाने मांडण्याची सोयच नव्हती, त्यामुळे ‘किल्ली’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी न येता नंतर येत असे आणि ‘ल्ल’ पाय मोडून सुटा पडत असे.

नवी आवृत्ती घेऊनही मला पहिल्या खेपेस पानभर फक्त # ही चिन्हे मिळाली होती. एफओपीला एखादे अक्षर फाँटमध्ये सापडले नाही की ते त्याजागी हेच चिन्ह छापते, आणि त्याच्या मूळ फाँटांत देवनागरी मुळीच नाही. देवनागरीचा ओपनटाइप फाँट (ज्यात अक्षरे जोडण्याचे नियमही असतात) एफओपीच्या संरचना-फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, नोंदवावा लागतो आणि ती फाइल आज्ञेत प्रत्येक वेळी द्यावी लागते (माझी हीच चूक दोनदा झाली). त्यानंतर मजकूर उमटला, पण प्रकरणांची शीर्षके तशीच # राहिली, कारण पानांचे रूप ठरवणाऱ्या डॉकबुकच्या स्टाइलशीटमध्ये मजकूर, शीर्षके आणि कोड यांचे फाँट तीन वेगळ्या ठिकाणी ठरतात आणि मी त्यातला फक्त मजकुराचा बदलला होता.