गुहागर-चिपळूण रोजचे नव्वद किलोमीटर: स्वस्तातली इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का?

पडवीकर
घर गुहागरजवळच्या वाडीत. बायको चिपळूणला नोकरीला, जाऊन-येऊन रोज ९० किमी. महिन्याचे चोवीस दिवस धरले तर २१६० किमी, म्हणजे आमच्या जुन्या पेट्रोल गाडीला सोळाच्या ॲव्हरेजने १३५ लिटर. चौदा हजार गेलेच. मनात टियागो ईव्ही आहे, २४ किलोवॅट-तासांची बॅटरी असलेली. २०२२ साली बाजारात आली तेव्हा एका चार्जमध्ये कागदावर ३१५ किमी होते. शोरूमवाला म्हणाला, "डोळे झाकून घ्या", तेव्हापासून मला झोप नाही. घरात हीच एक गाडी राहणार आणि आईचं वय ७८. अनुभव असलेल्यांनी सांगा.

खाजणातला खेकडा
एकच गाडी असेल तर नको. मुंबई-पुणेकरांची गोष्ट वेगळी, त्यांच्या घरी दुसरी उभी असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडाकडच्या गावांत किती दिवस दिवे नव्हते ते आठवा. मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याच्या दारात रांगा लावत होते, तिथे तुम्ही गाडी नेऊन उभी करणार? रात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली आणि काटा दहा टक्क्यांवर असला तर काय कराल?

कोकमाचं आगळ
खेकडेभाऊ, वादळ पाच वर्षांतून एकदा येतं, पेट्रोलचं बिल दर महिन्याला येतं.

सुरंगीचा गजरा
मी दापोलीकडची, अशीच छोटी गाडी दोन वर्षं चालवते. पडवीकरदादा, ३१५ विसरा. पावसात काचेवरची वाफ घालवायला एसी लावूनच चालवावी लागते, रस्ता चढ-उताराचा. मला भरल्या बॅटरीत १९०-२०० मिळतात. तुमच्या नव्वदला पुरून उरतील. भिंतीतून खेचलेल्या युनिटला साडेसात किमी धरा, म्हणजे रोज बारा युनिट. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटने ती चार तासांत परत येतात. म्हणजे रात्रभर वीज लागत नाही, रात्रीतून कधीतरी चार तास मिळाले की झालं. आमच्याकडे जुलैतसुद्धा तेवढी मिळते.

माझी फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. गाडी आली आणि दोन रात्री चार्जरवर लाल दिवा. नवऱ्याने गाडी परत करायची भाषा सुरू केली. शेवटी वायरमन आला, सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये मीटर धरला तर २३ व्होल्ट! घर बांधताना पाइप जांभ्यात जेमतेम दीड फूट ठोकलेला, त्यावर नावाला मीठ-कोळसा. फ्रीज, मिक्सर त्यावर वर्षानुवर्षं चालले, कुणी हूं की चूं केलं नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नीट नसेल तर वीज घेतच नाही. मग मोरीचं पाणी नारळाच्या ज्या आळ्यात जातं तिथे नवा खड्डा घेतला. मीटर दोनवर आला, हिरवा दिवा लागला. मे महिन्यात जांभा वाळतो तेव्हा तिथे दोन बादल्या जास्त ओतते. (नारळही यंदा बरे धरलेत.)

खाजणातला खेकडा
म्हणजे गाडीबरोबर विहीरही हवी! बरं, पैशांचं बोलू. २१६० किमीला २८८ युनिट, घरची सव्वाशे वेगळी. महावितरणचा तीनशे युनिटांवरचा टप्पा लागला की वरच्या युनिटांचा दर कुठे जातो ते बिलाच्या मागच्या बाजूला वाचा.

कोकमाचं आगळ
वाचला. सरासरी १३ रुपये धरले तरी पावणेचार हजार होतात. चौदा कुठे, पावणेचार कुठे! शिवाय छपरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं तर केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे.

खाजणातला खेकडा
आणि वीज गेली की ग्रीडवरचं ते सोलरही बंद पडतं, हे विकणारा शेवटी सांगतो. बॅटरीच्या वॉरंटीचंही तेच. आठ वर्षं *किंवा* १,६०,००० किमी, जे आधी होईल ते. पडवीकर वर्षाला जवळजवळ २६ हजार किमी फिरणार, म्हणजे त्यांची वॉरंटी सहा वर्षांतच संपली. आणि चिपळुणात गाडी दिवसभर उभी कुठे करणार? २२ जुलै २०२१ चं पाणी विसरलात? बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास. वाशिष्ठी अर्ध्या तासात ओसरत नाही.

सुरंगीचा गजरा
वॉरंटीचं गणित बरोबर, मी मान्य करते. पुराचं नाही. त्या दिवशी पेट्रोलच्या गाड्या काय पोहून बाहेर आल्या होत्या?

माडाखालचो
आमच्या मालवणाकडे खारो वारो. चार्जिंगच्या गनच्या पिना पुसून ठेवा, नायतर हिरवो थर चढता. बाकी गाडीक काय जाला नाय, दोन पावसाळे काढलंय.

पडवीकर
अर्थिंगचं कुणीच सांगितलं नव्हतं. आईला कराडला न्यायचं झालं तर कुंभार्ली घाट चढेल का, हे मात्र विचारायचं राहिलं.

सुरंगीचा गजरा
चढेल. चौघं बसलेल्या गाडीला ५०० मीटर उंची चढायला सपाटीपेक्षा दोन-अडीच युनिट जास्त लागतात, उतरताना त्यातली काही परत मिळतात. फक्त माथ्यावरून निघताना बॅटरी शंभर टक्के भरलेली नको. भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही, मग पाय सोडला तरी गाडी स्वतःला धरत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पहिल्यांदा खेडचा घाट उतरताना माझ्या पोटात गोळा आला होता. आता मी ८५ वर थांबवते.

खाजणातला खेकडा
कराडहून परत यायला वाटेत चार्जर चालू सापडला तर.

पडवीकर
आज वायरमनला बोलावला. पडवीतल्या सॉकेटवर १७ व्होल्ट. वायरही जुनी निघाली, तो म्हणतो चार तास पंधरा अँपिअर ओढायचे तर ४ चौरस मिमीची तांब्याची नवी लाइन थेट मीटरपासून आणा. खर्च ऐकून बायको म्हणाली, "आधी खड्डा, मग गाडी." रविवारी खणायला गडी येतोय. शोरूमला कळवलंय, टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, गाडी वाडीत आणा. आईसकट चौघं बसून आमची चढण चढू, मग पडवीत चार्जिंगला लावून बघू.
खेकडेभाऊ, जुनी गाडी इतक्यात विकत नाही. घेणारा फक्त चाळीस हजार देतोय.