जबडा मोडून फायनल खेळलेल्या जॉन सॅटलरची गोष्ट पोरांना सांगावी का?

परभणीकर_कोच:
राम राम मंडळी. मी संध्याकाळी पोरांना कबड्डी शिकवतो. परवा पकडीत एकाचं बोट उलटं फिरलं, टम्म सुजलं, तरी ते मूठ आवळून परत कोपऱ्यात जाऊन उभं राहिलं, मलाबी दाखवंना. तवापासून ऑस्ट्रेलियाच्या रग्बी लीगमधला तो सॅटलर डोक्यात घोळायलाय. नेमकं काय झालतं त्याचं? अन् पोरांना हे सांगावं का?

नांदेडचा_रेडर:
सर, 1970 ची फायनल, सिडनी क्रिकेट ग्राउंड, साउथ सिडनी विरुद्ध मॅनली. सॅटलर साउथचा कॅप्टन, खेळायचा प्रॉपला, म्हणजे पुढच्या फळीत राहून येणारा धक्का छातीवर घेणारा गडी. पहिल्या दहा मिनिटांतच मॅनलीच्या जॉन बकनॉलचा ठोसा बसून जबडा मोडला, तर हा सोबतच्या माइक क्लीअरीला म्हणला की मला धरून उभं ठेव, लागलंय हे त्यांना कळू देऊ नको. अन् 80 मिनिटं संपेपर्यंत खेळला! साउथ 23-12 नं जिंकले, वर मोडक्या जबड्यानं भाषणबी केलं अन् मग दवाखाना. कुरी कुरी नावाच्या कोळसा खाणीच्या गावातला माणूस, त्याच्या कॅप्टनकीत 1967, 68, 70 अन् 71 अशा चार प्रीमियरशिप, म्हणजे लीगची विजेतेपदं. लिहितानाच अंगावर काटा आला बघा.

लातूरची_फिजिओ:
सांगा, पण पुढचंही सांगा. 2023 मध्ये 80 व्या वर्षी गेले ते, शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. मारामुळंच झालं असं मी म्हणत नाही, पण आता त्याच खेळात डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला बाहेर घेऊन डॉक्टर तपासतात. माझ्याकडं येणारी कितीतरी पोरं दुखणं महिना महिना लपवतात, टीममधून काढतील म्हणून. बोटाचा एक्स-रे काढला का तुम्ही?

बीडचा_कव्हर:
मी तर सॅटलरच्या लेकाची गोष्ट सांगीन. स्कॉट सॅटलर, 2003 ची फायनल, पेनरिथकडून. रूस्टर्सचा टॉड बर्न कडेकडेनं मोकळा सुटला होता, हा मैदान तिरकं कापत आला, पायात झेपावला अन् त्याला घेऊन रेषेबाहेर. तवा 6-6 होतं, शेवटी पेनरिथ 18-6 नं जिंकलं. पकड शिकवायला याहून चांगलं काय दाखवणार?

परभणीकर_कोच:
ताई, आज काढला एक्स-रे, बारीक क्रॅक निघाला. तीन आठवडे पट्टी. रडायलं होतं, मग म्हणलं तुझी जागा तुझीच हाय, तवर माझ्याशेजारी बसून गुण लिही. स्कॉटची पकड उद्या मोबाईलवर दाखवतो सगळ्यांना.