गाडीचं चित्र फोटोची नक्कल वाटतं, मोकळं कसं करायचं? (गुआश, काळी-पिवळी पद्मिनी)

पद्मिनीप्रेमी:
मंडळी, जुन्या गाड्यांची चित्रं ऑर्डरवर करतो. माध्यम गुआश (अपारदर्शक जलरंग), कधी कॅमलचे पोस्टर कलर. आकार बहुतेक 12 बाय 16 इंच. मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, तेव्हापासून काळ्या-पिवळीला मागणी आहे आणि सध्या तीच बोर्डवर आहे, थ्री-क्वार्टर कोनातून, म्हणजे समोर आणि एक बाजू दोन्ही दिसतील अशी.

अडचण अशी की सगळं नेमकं येतं, बॅजवरची अक्षरंसुद्धा वाचता येतात, तरी चित्र निर्जीव दिसतं. गॉर्डन क्रॉस्बी किंवा वॉल्टर गॉट्श्के या जुन्या मोटारचित्रकारांच्या चित्रात निम्मे तपशील नसतात आणि गाडी मात्र पळत असते. काळा रंग आणि क्रोम कसं हाताळायचं, काय ठेवायचं नि काय गाळायचं, आणि एवढं गाळल्यावर गिऱ्हाइकाला "माझी गाडी अशी नाही" असं वाटू नये म्हणून काय करायचं, हे जाणकारांनी सांगावं.

लंबवर्तुळ:
शैलीचं नंतर बघू. आधी फोटो कुठून काढलाय ते तपासा. निम्मी चित्रं तिथेच बिघडलेली असतात.

फोनची मुख्य लेन्स साधारण 24 ते 26 मिमीच्या बरोबरीची, म्हणजे वाइड असते. दोन मीटरवरून फोटो घेतला की जवळचा हेडलाइट फुगतो आणि मागचं चाक आक्रसतं. डोळ्याला ते फोटोत खटकत नाही, चित्रात लगेच खटकतं. सात-आठ मीटर मागे जा आणि 2एक्स किंवा 3एक्स झूमवर घ्या. उंचीचाही विचार करा. खाली बसून घेतलेल्या फोटोत गाडी रुबाबदार दिसते, पण पद्मिनीचं पिवळं छप्पर नुसती कड होऊन उरतं. काळ्या-पिवळीची ओळखच छपरात आहे, तेव्हा दोन पायऱ्या चढून थोडं वरून घ्या.

आता चाकं. तिरकं बघितलेलं चाक लंबवर्तुळ दिसतं. लंबवर्तुळाचा लहान अक्ष अ‍ॅक्सलच्या रेषेतच असतो. थ्री-क्वार्टरमध्ये, वरून बघताना, मोठा अक्ष उभा न राहता थोडा कलतो. तो सरळ उभा काढला की चाक गाडीतून निखळून बाहेर पडतंय असं वाटतं. समोरून दिसणाऱ्या गाडीचं मागचं चाक पुढच्यापेक्षा जरा अरुंद हवं, कारण गाडीची बाजू तिथे आणखी तिरकी दिसते. दोन्हीला एकच टेम्प्लेट वापरणं ही नेहमीची चूक. पुढचं चाक वळवलेलं असेल तर त्याचा अक्ष वेगळा काढा.

पद्मिनीसाठी ताळा करायचा एक सोपा मार्ग आहे. व्हीलबेस 2,340 मिमी आणि टायर 5.20-14, म्हणजे चाकाचा व्यास अंदाजे 60 सेंमी. सरळ बाजूने बघितलं तर दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर चाकाच्या चौपटीला जेमतेम कमी भरतं. आधी बाजूचं छोटं रेखाटन या मापाने करून बघा. ते साडेचार पट भरलं तर ती पद्मिनी राहिली नाही.

टायर जमिनीला टेकतो तिथे किंचित बसलेला दाखवा आणि चित्रातला सगळ्यात गडद डाग तिथेच टाका. पूर्ण गोल टायर आणि खाली फिकी सावली असली की गाडी तरंगते.

रंगारी_सातारा:
लंबवर्तुळ यांच्याशी सहमत. काळ्या रंगाचं मी सांगतो.

काळी गाडी चित्रात फार थोड्या जागी काळी असते. चकाकणारा पत्रा आरशासारखा वागतो. बॉनेट आणि मडगार्डची वरची बाजू आकाश दाखवते, दाराचा वरचा भाग क्षितिज आणि समोरच्या इमारती, दाराचा खालचा भाग रस्ता. म्हणून बॉनेट निळसर करडं, दाराच्या मध्यावर गडद पट्टा, खाली उबदार मळकट करडा. खरा काळा फक्त चाकाच्या कमानीत, ग्रिलच्या पोकळीत आणि गाडीखाली. फोटोत हे सगळं कॅमेरा एका काळ्यात बुडवतो आणि आपण ते तसंच उतरवतो. चित्र निर्जीव दिसण्याचं मोठं कारण माझ्या मते हेच.

मिश्रण: अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट अंबर एक भाग. अल्ट्रामरीन वाढवलं की आकाशाकडचा काळा, अंबर वाढवलं की रस्त्याकडचा. ट्यूबमधला काळा शेवटच्या दोन-तीन डागांसाठी राखून ठेवा. पिवळ्या छपराची सावली काळ्याने करू नका, पिवळ्यात काळा पडला की हिरवट होतं. यलो ऑकर किंवा रॉ सिएना, त्यात जांभळ्याचा अंश. छपराच्या माथ्यावर आकाश पडतं तिथे पिवळा फिका आणि थंड.

क्रम असा: पाच टोन (उजळ ते गडद पायऱ्या) कागदाच्या पट्टीवर मिसळून वाळवून घ्या. गुआशमध्ये गडद रंग वाळल्यावर फिका होतो आणि फिका रंग किंचित गडद होतो, त्यामुळे ओल्या रंगावर विसंबलात तर फसाल. पट्टी त्याच कागदाची हवी. पहिला थर दुधासारखा पातळ, मोठ्या ब्रशने, तपशिलात न शिरता. दुसरा सायीसारखा, एकाच फटक्यात. त्याच जागी ब्रश तीनदा फिरवला की खालचा थर सुटतो आणि चिखल होतो. पोस्टर कलरमध्ये हे लवकर होतं. शिवाय जाड थर वाळल्यावर भेगाळतो, म्हणून ऑर्डरच्या कामाला पोस्टर कलर नकोच, सरावाला उत्तम. थर अजिबात सुटू नये असं वाटत असेल तर पार्श्वभूमीपुरता अ‍ॅक्रिलिक गुआश वापरा, तो वाळल्यावर पाण्याने हलत नाही. कागद 300 जीएसएम हॉट प्रेस, म्हणजे जाड आणि गुळगुळीत. खरखरीत कागदावर क्रोमची रेघ तुटते.

क्रोम. बंपर आडवा, फुगीर. वरच्या कडेला गडद निळा, खाली येताना फिका होत जवळजवळ पांढरा, मग एकदम क्षितिजाची गडद रेघ, तिच्या खाली रस्त्याचा तपकिरी, आणि अगदी तळाला गाडीखालचा काळोख. क्षितिजाची वरची कड धारदार ठेवा. ती कड ओल्या ब्रशने मऊ केली की बंपर प्लास्टिकच्या पाइपसारखा दिसतो. व्हीलकॅपवर हेच सगळं गोलात आक्रसतं आणि क्षितिज वाकतं. पद्मिनीच्या बाजूची बारीक क्रोमपट्टी ब्रशने ओढत बसू नका. रूलिंग पेनमध्ये (दोन पात्यांचं, रेघा ओढायचं पेन) पातळ केलेला रंग ब्रशने भरा आणि पट्टीच्या तिरप्या कडेला लावून ओढा. रंग जाड असेल तर पेन मध्येच अडतं, फार पातळ असेल तर सुरुवातीलाच थेंब पडतो. आधी बाजूच्या कागदावर एक रेघ मारून बघावीच लागते.

चमक दाखवणारा पांढरा ठिपका चित्रभर चार-पाच जागीच. टायटेनियम पांढरा झाकतो, म्हणून ठिपक्यांना तो. फिके रंग मिसळायला झिंक पांढरा.

फ्रीहँड:
वरच्या दोघांनी पाया सांगितला, आता मूळ प्रश्न.

ज्यांची नावं घेतलीत त्यांची शैली त्यांच्या कामाच्या गरजेतून घडली, हे आधी ध्यानात घ्या. क्रॉस्बी इंग्लंडच्या 'द ऑटोकार' साप्ताहिकाचा चित्रकार, 1943 मध्ये मृत्यू येईपर्यंत. जॅग्वारचं झेप घेणारं बोधचिन्हही त्याचंच. साप्ताहिकाची मुदत डोक्यावर आणि आतली छपाई काळी-पांढरी, त्यामुळे कोळसा आणि वॉशमध्ये (पातळ पाणीदार रंगात) टोनवरच सगळी मदार. रंग काढून घेतले तरी त्याची चित्रं उभी राहतात. तुमच्या चित्राचा फोटो काढून मोबाइलवर काळा-पांढरा करून बघा. गाडी आणि पार्श्वभूमी एकाच करड्यात विरघळत असतील तर रंग कितीही चढवा, उपयोग नाही.

गॉट्श्के (1912–2000) जर्मन, स्वतःच शिकलेला, गुआशचा बादशहा. 1980च्या दशकात दृष्टी गेली आणि काम थांबलं. त्याच्या शर्यतीच्या चित्रात पुढच्या गाडीचं नाक आणि ड्रायव्हर नेमके, मागच्या गाड्या चार फटकाऱ्यांत, गर्दी म्हणजे नुसते ठिपके. नेमकेपणा एकाच जागी खर्च केला की बाकीचं आपण बघणारेच भरून घेतो.

उलट टोकाला आर्ट फिट्झपॅट्रिक आणि व्हॅन कॉफमन. 1959 ते 1971 पाँटियाकच्या जाहिराती या जोडीने केल्या. गाडी फिट्झपॅट्रिकची, माणसं, हॉटेलं, समुद्रकिनारे कॉफमनचे. कॉफमन आधी डिस्नीत अ‍ॅनिमेटर होता. गाडी गुळगुळीत, झळझळीत, पण फोटोसारखी अजिबात नाही: 'वाइड-ट्रॅक' ही जाहिरातीची घोषणा होती म्हणून गाडी मुद्दाम रुंद केलेली आणि प्रतिबिंबं फोटोत सापडली तशी न घेता आकार उठून दिसेल अशी बेतलेली. म्हणजे मोकळी शैली म्हणजे ढिसाळ ब्रश असं काही नाही. तुमचा हात नेमका आहे, तर गॉट्श्केपेक्षा फिट्झपॅट्रिककडून शिकणं तुम्हाला सोपं जाईल, असं माझं मत.

करून बघण्यासारखं: फोटोवर ट्रेसिंग ठेवून फक्त प्रतिबिंबांचे आकार काढा. पद्मिनीच्या दारावर असे वीसेक निघतील. त्यातले सहा ठेवा. कुठले? दाराची वळणरेषा आणि मागचे पंख समजावणारे. समोरच्या विजेच्या खांबाची वाकडी सावली, फोटो काढणाऱ्याची आकृती, शेजारची स्कूटर, हे सगळं बाद. मग कडा. हेडलाइट, ग्रिल आणि जवळचं पुढचं चाक धारदार. मागचा पंख, दूरचं मडगार्ड आणि छपराची मागची कड पार्श्वभूमीत एके ठिकाणी तरी विरू द्या, म्हणजे दोन्ही रंग ओले असताना एकत्र येऊ द्या. बॅजवर अक्षरं लिहू नका, दोन उजळ आणि एक गडद फटका पुरतो.

याच गाडीचे 5 बाय 7 इंचाचे तीन-चार नमुने, प्रत्येकी 20 मिनिटं, अर्धा इंची फ्लॅट ब्रश, खाली पेन्सिलची रेघ नाही. यांतला एकही गिऱ्हाइकाला दाखवायचा नसतो. पण कुठला तपशील नसला तरी गाडी ओळखू येते, हे त्यातूनच कळतं.

वेग दाखवायचा असेल तर एक बारकावा. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला भाग क्षणभर स्थिर असतो आणि माथा गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे जातो. स्थिर नजरेने बघितलेल्या गाडीत चाकाचा तळ स्पष्ट आणि माथा पुसट हवा. नजर गाडीबरोबर फिरत असेल तर चाक सगळीकडून सारखं पुसट आणि पार्श्वभूमी आडवी ओढलेली. दोन्ही एकत्र केलं की विचित्र दिसतं. पद्मिनीला अर्थात हाजी अलीच्या सिग्नलवर उभी दाखवलेलीच बरी.

पद्मिनीप्रेमी:
भरभरून मिळालं, आभार. काळा-पांढरा करून बघितलं, दार आणि मागची भिंत खरंच एक झालीयेत. गिऱ्हाइकाचं आणि हक्कांचं कुणी सांगेल का? प्रिंट विकायचा विचार आहे.

करारनामा:
हक्कांच्या बाबतीत बरेच चित्रकार गाफील असतात. आपल्या कॉपीराइट कायद्यात, 1957 च्या, कलम 17 बघा. कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट-मालक तो सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे ऑर्डरचं चित्र, लेखी काही नाही, आणि तुम्ही त्याचे प्रिंट विकलेत तर अडचण तुमची. अ‍ॅडव्हान्स घेतानाच एका ओळीत लिहून घ्या: मूळ चित्र ग्राहकाचं, कॉपीराइट आणि प्रिंटचे हक्क चित्रकाराकडे. सही दोघांची. आणि फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर त्याची परवानगी वेगळी लागते. इंटरनेटवरून उचललेला फोटो जसाच्या तसा रंगवून विकू नका.

"माझी गाडी अशी नाही" टाळायचं तर मंजुरी तीन टप्प्यांत घ्या: कोन ठरवणारं छोटं स्केच, पूर्ण मापाचं रेखाटन, आणि पोस्टकार्डाएवढा रंगीत नमुना. मोकळेपणा किती असेल ते त्या रंगीत नमुन्यातच दिसलं पाहिजे, तोंडी सांगून कळत नाही. निम्मे पैसे आधी. रेखाटन मंजूर झाल्यावरच्या बदलांना वेगळा दर.

रेखाटनाच्या टप्प्यावर गाडीचा काळही विचारून घ्या. जुन्या टॅक्सीचा यांत्रिक मीटर बाहेर, डाव्या बाजूला असायचा. इलेक्ट्रॉनिक मीटर आत गेला. छपरावर कॅरिअर होतं की नाही, नंबरप्लेट कुठल्या रंगाची, आरसे मूळचे की नंतर लावलेले, हे त्या काळच्या फोटोवरून ठरवा. आजची पिवळी पाटी जुन्या चित्रात सरसकट घालू नका. गिऱ्हाईक ब्रशचा फटका माफ करतं, चुकीचा आरसा नाही.

रंगारी_सातारा:
करारनामा यांच्यात एक भर. रंग टिकाऊ आहेत का ते ट्यूबवरच्या पिगमेंट कोडवरून बघा. पीआर 83, म्हणजे अलिझरिन क्रिमसन, उन्हात उडतो, विकायच्या चित्रात नको. छपराच्या पिवळ्याला कॅडमियम, पीवाय 35, बिनधास्त वापरा.

लंबवर्तुळ:
आणि फ्रेम. गुआशवर वार्निश मारलं की गडद रंग आणखी गडद होतात आणि सगळे टोन सरकतात, म्हणून काचेखालीच ठेवायचं. माउंटबोर्ड लावून काच आणि चित्रात दोन-तीन मिमी जागा सोडा. चिकटून बसलेली काच पावसाळ्यात दमटपणाने रंग उचलते, कोकणात तर बुरशीही धरते. प्रिंटसाठी स्कॅन फ्रेम करायच्या आधीच करून घ्या, निदान 300 डीपीआय. 12 बाय 16 चं चित्र ए3 स्कॅनरवर जेमतेम 8 मिमीने मावत नाही... म्हणजे रुंदीत कडा थोड्या बाहेर राहतात. दोन भागांत घेऊन जोडा आणि मधे चार-पाच सेंमी ओव्हरलॅप ठेवा.