मदत हवी आहे : साडेतीन लाखांचा लेहंगा कळला, ५५ हजारांचा टी-शर्ट कळत नाही

टाचणी :
डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते, १६ वर्षं झाली. आरी वर्कही (हुकासारख्या सुईचं भरतकाम) करते. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाईक बाईंनी मुलीचे दोन कपडे आणून दिले. एक लग्नातला डिझायनर लेहंगा, कंबरेत आत घ्यायचा. दुसरा परदेशी ब्रँडचा पांढरा टी-शर्ट, दोन इंच आखूड करायचा.

लेहंगा आधी उलटा केला. (खोडच आहे. सुलटी बाजू गिऱ्हाइकाची, उलटी शिवणाऱ्याची.) आत दोन इंच माया (शिवणीतलं जादा कापड) सोडलेली, अस्तर मऊ मलमलचं, एक धागा लोंबत नाही. वरचं जरदोसी सगळं हाताचं. अड्ड्यावर (भरतकामाच्या लाकडी चौकटीवर) सहा कारागीर बसवले तरी महिन्याचं काम. रोजचे ८०० धरले तर दीड लाखाच्या आसपास नुसती मजुरीच झाली. वर कापड, वाया गेलेले नमुने, दुकानाचं भाडं. साडेतीन लाख महागच, पण हिशेब लागतो.

टी-शर्टाचा लागत नाही. साधं होजिअरी कापड, छातीवर छापलेलं नाव, बाजूला ओव्हरलॉक, माझ्या मशीनवर निघतं तसंच. कापड चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण कापड-शिलाई मिळून माझा आकडा हजाराच्या पुढे जाईना. उरलेले ५४ हजार जातात कुठे?

विचारण्यात स्वार्थ आहे. माझ्या आरीच्या ब्लाउजला १,८०० सांगितले की "ताई, काहीतरी कमी करा" ठरलेलं. दर ठरवायला यातून काही शिकता येईल का?

ताळेबंद :
टाचणीताई, लुई व्हिताँ आणि डिऑर हे महागडे ब्रँड ज्या एलव्हीएमएच कंपनीचे, तिचा हिशेब जाहीर असतो. २०२३ मध्ये १०० युरोच्या विक्रीमागे माल पडला साधारण ३१ ला. दुकानं, जाहिरात, विक्री यांवर ३६. ऑफिसचा कारभार ७. उरले २६, तो धंद्यातला नफा. यात दारू नि अत्तरंही आली. फक्त कपडे आणि चामड्याचा विभाग घेतला तर ४२ अब्ज युरोच्या विक्रीवर जवळजवळ १७ अब्ज नफा, म्हणजे शंभरात चाळीस. छापील टी-शर्टात मालाचे ३१ सुद्धा नसतील, हा मात्र माझा अंदाज.

चहाबाज :
भाडं-जाहिरात हे अर्धंच उत्तर. किंमत उतरू द्यायची नाही, हे दुसरं. बर्बेरी या ब्रिटिश ब्रँडने २०१७-१८ च्या वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल चक्क नष्ट केला. बोंबाबोंब झाल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये ही पद्धत बंद केल्याचं सांगितलं. आपल्याकडे माल पडून राहिला की सेलची पाटी लागते. यांना ती पाटीच नको, कारण पूर्ण पैसे मोजून घेणारा मग दुसऱ्यांदा फिरकत नाही.

मिलानकर :
महाग म्हणजे शिवणाऱ्याला जास्त मिळालं, असं धरू नका. इथल्या, म्हणजे मिलानच्या, कोर्टाने जून २०२४ मध्ये डिऑरच्या एका इटालियन उत्पादन कंपनीवर प्रशासक नेमला. पोटकंत्राटदारांकडे कामगार कामाच्या जागीच झोपत होते. २,६०० युरोला विकल्या जाणाऱ्या बॅगेच्या जुळणीचे ५३ युरो दिल्याचं चौकशीत निघालं. (चामडं त्यात धरलेलं नाही.) फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रशासक हटवला.

चहाबाज :
आणि त्याच डिऑरने मार्च २०२३ मध्ये आपल्या गेटवेसमोर शो केला. भरतकाम मुंबईतल्या चाणक्य या भरतकामाच्या कंपनीच्या कारागिरांचं, आणि तसं नाव घेऊन सांगितलं होतं. एरवी आपल्या लोकांचे हात दिसतात कुठे?

दुमडपट्टी :
ताई, मीही शिवते, नगरला. टी-शर्टाकडून काही शिकू नका, त्यांच्या नावाची पाटी आपल्याकडे नाही. लेहंग्याकडून शिका. एका ब्लाउजचे तास खरे खरे लिहा. आरीला नऊ, शिलाईला तीन, ट्रायलच्या चकरा वेगळ्या. तासाला १०० धरले तरी १,२०० मजुरी झाली. मोती, जरी, अस्तर, मोडलेल्या सुया, वीज काढा, १,८०० त तुमच्या हातात काय सुटतं? मी गळा, पाठ, बाही असे वेगळे दर सांगते. मग बायका "कमी करा" म्हणत नाहीत, बाहीचं काम कमी करतात. आणि नमुन्याचा ब्लाउज उलटा करून हातात देते.

टाचणी :
सगळ्यांचे आभार. दुमडपट्टी, तास लिहिले. परवाच्या ब्लाउजला १४ निघाले! गळा-पाठ-बाहीचे दर वहीत मांडलेत, पुढच्या गिऱ्हाइकापासून लावते.

बाई आज कपडे घेऊन गेल्या. लेहंगा उलटा करून दाखवला, आतून त्यांनीही पहिल्यांदाच पाहिला. टी-शर्टाच्या दुमडीचे ८० सांगितले होते. ६० देऊन गेल्या.